वजनाच्या इंजेक्शनचा त्रास: कोणता घरी सांभाळायचा आणि कोणत्याला क्षणभरही थांबायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, वजन ९४ किलो, टाइप २ मधुमेह आणि रक्तदाब. आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू होऊन हा आठवा आठवडा. सध्या डोस ०.५ मिलिग्रॅम आहे आणि पुढच्या आठवड्यात तो १ मिलिग्रॅम करायचा आहे. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस मळमळतं, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, आणि अलीकडे उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबत मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेली गोळी चालू आहे. त्यात स्वादुपिंडाला सूज, थायरॉइडचा कॅन्सर, दृष्टी जाणं असं बरंच वाचनात आल्यामुळे भीती बसली आहे. औषध सोडावं की सोसत राहावं?

सोडायची घाई नको, आणि पुढच्या आठवड्यात डोस वाढवायचीही नको. तुम्ही सांगितलेल्या त्रासांपैकी मला काळजी वाटते ती मळमळीची नाही, त्या अंधारीची. तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिली आहे. या औषधांवर असलेले बहुतेक रुग्ण असंच करतात. मळमळ सतत जाणवते म्हणून ती आधी सांगतात आणि चक्कर 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देतात. पुढचं इंजेक्शन घेण्याआधी, शक्यतो आजच, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

अंधारीची दोन कारणं असू शकतात आणि तुमच्या बाबतीत दोन्ही शक्य आहेत. पहिलं, रक्तदाब खाली जाणं. या औषधाने भूक मरते तशी तहानही कमी होते. खाणं घटलं की अन्नातून मिळणारं पाणी आणि मीठही घटतं. वजन उतरायला लागलं की रक्तदाब आपोआप थोडा खाली येतो. आणि तुमची रक्तदाबाची गोळी मात्र आधीसारखीच लघवीवाटे पाणी काढत राहते. तुमच्या जुन्या वजनाला आणि जुन्या जेवणाला ती बेताची होती, आता ती जास्त होते आहे. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली येत असेल तर ते डॉक्टरांना आकड्यांसकट सांगा.

दुसरं कारण, रक्तातली साखर कमी होणं. सेमाग्लुटाइड एकटं असताना साखर फारशी खाली जात नाही, कारण त्याचं इन्सुलिन वाढवण्याचं काम साखर जास्त असतानाच चालतं. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. तुम्ही जेवलात की अर्धं ताट ठेवून उठलात, याचा विचार न करता ते इन्सुलिन बाहेर काढतच राहतं. म्हणून हे इंजेक्शन सुरू करताना ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन यांचा डोस कमी करावा लागतो का, हे पाहणं हा उपचाराचाच भाग आहे. अंधारी येईल तेव्हा लगेच बोटातून साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट किंवा बिस्किट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू वर येते, आणि तुमचं पोट आधीच सावकाश रिकामं होतं आहे.

यासोबत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाला या औषधाचं विष होत नाही. उलट मधुमेहामुळे ज्यांची मूत्रपिंडं बिघडली आहेत त्यांना सेमाग्लुटाइडचा फायदा होतो, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पण उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं, वरून लघवीची गोळी चालू राहिली, आणि अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक घेतली, तर काही दिवसांत मूत्रपिंडं बसू शकतात. यातली प्रत्येक पायरी टाळता येण्यासारखी आहे. म्हणूनच माझा आग्रह असतो की 'आजारपणातल्या दिवसांचा कागद' आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर कोणती गोळी तात्पुरती थांबवायची, कोणती अजिबात थांबवायची नाही, आणि किती तासांनी फोन करायचा, हे त्यावर हवं. लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं यांचा त्यात विचार होतो. शेवटच्या दोन औषधांवर उपाशी राहिलं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठू शकतात, त्यामुळे तिकडे विशेष लक्ष हवं. इन्सुलिन मात्र 'आज जेवले नाही' म्हणून स्वतःहून पूर्ण बंद करू नका.

आता मळमळ. जेवल्यानंतर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, ते मेंदूला 'पुरे झालं' असा निरोप देतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल आहे, फक्त खरं संप्रेरक काही मिनिटांत संपतं आणि हे आठवडाभर टिकतं. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक आठवडा लागतो. दर आठवड्याला नवा डोस आधीच्या उरलेल्या औषधावर चढत जातो, आणि पातळी स्थिर व्हायला चार ते पाच आठवडे लागतात. म्हणजे तुम्ही आज डोस वाढवला तर त्याचा पूर्ण परिणाम महिनाभराने कळणार. पहिल्या आठवड्यात 'काहीच होत नाही' म्हणून पुढची पायरी लवकर चढणारे लोक इथेच फसतात.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप १' चाचणीत २.४ मिलिग्रॅम डोसच्या गटातल्या सुमारे ४४ टक्के लोकांना मळमळ झाली. नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. उलट्या सुमारे २५ टक्के, जुलाब ३१ टक्के, बद्धकोष्ठता २३ टक्के. पण पोटाच्या त्रासामुळे औषध सोडावं लागलेले साडेचार टक्केच होते. त्रास होणारे पुष्कळ आणि औषध सोडणारे थोडे, कारण बहुतेकांचा त्रास डोस वाढवण्याच्या काळात असतो आणि नंतर ओसरतो. आणि या काळाचा वेग आपल्या हातात असतो.

वजनासाठीच्या ठरलेल्या तक्त्यात ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम अशा पायऱ्या आहेत, प्रत्येक चार आठवड्यांची. हा तक्ता म्हणजे वेळापत्रक आहे असं समजून लोक त्याच्यामागे धावतात. त्रास सहन होत नसेल तर पुढची वाढ चार आठवडे लांबवावी, असं या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. मी तर म्हणेन, ज्या डोसवर भूक आटोक्यात आहे, वजन उतरतं आहे आणि दिवसभराची कामं नीट होत आहेत, तो तुमचा डोस. तिथे दोन महिने राहिलात तरी काही हरवत नाही. मधुमेहासाठी तर ०.५ मिलिग्रॅम हा नेहमीसाठी चालणारा डोस मानला जातो. मधुमेह असलेल्यांचं वजन या औषधावर इतरांपेक्षा कमी उतरतं, हेही आधीच माहीत असू द्या. मधुमेह नसलेल्यांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं, मधुमेह असलेल्यांच्या चाचणीत तोच डोस असून ९.६ टक्के. शेजारच्या कुणाशी तुलना करून डोस वाढवत नेणं, हे मी पाहिलेल्या बहुतेक तीव्र त्रासांच्या मुळाशी असतं.

मळमळीवर उपाय साधे आहेत, पण ते नेमाने करावे लागतात. ताटात निम्मं वाढून घ्या. सावकाश खा. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की तिथेच थांबा. पूर्वी त्या जाणिवेनंतर चार घास जास्त खाता येत होते, आता त्याच चार घासांची उलटी होते. तळलेलं आणि तेलकट पदार्थ जठरात सर्वांत जास्त वेळ राहतात, म्हणून डोसनंतरच्या दोन-तीन दिवसांत ते बाजूला ठेवा. जेवून लगेच आडवं होऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. पाणी जेवणासोबत गटागट न पिता मधल्या वेळेत घोटघोट प्या. दारू शक्यतो नकोच, ती पोटालाही चिघळवते आणि साखरही खाली आणते. पूर्ण उपाशी राहिल्यानेही मळमळ वाढते, तेव्हा 'भूक नाही म्हणून जेवले नाही' असं दिवसभर करू नका. उलटी थांबवायची गोळी डॉक्टर देऊ शकतात, पण ती विचारूनच घ्या. ऑन्डॅनसेट्रॉन हे यातलं नेहमीचं औषध बद्धकोष्ठता वाढवतं, आणि तुमचा तो त्रास आधीच आहे.

बद्धकोष्ठतेचं कारण तेच: अन्न कमी, पाणी कमी, आतड्याची चाल मंद. इसबगोल किंवा तंतुमय पदार्थ वाढवायचे तर पाणी वाढवूनच. कमी पाण्यावर घेतलेला इसबगोल आत घट्ट बसतो आणि त्रास वाढवतो. माझ्या अनुभवात या औषधांवरच्या बद्धकोष्ठतेला पॉलिइथिलिन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोजसारखं, आतड्यात पाणी धरून ठेवणारं सौम्य रेचक रोज थोडं घेतलेलं जास्त उपयोगी पडतं. चौथ्या दिवशी एकदम कडक जुलाब घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पोट फुगून कडक झालं, वाराही सरत नाही आणि उलट्या होत आहेत, असं झालं तर मात्र घरी कोणतंही रेचक न घेता थेट रुग्णालय गाठा. ते आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं.

उलट्यांसाठी माझा नियम कडक आहे. २४ तास पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, किंवा उभं राहता येत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि आठवडेच्या आठवडे थोड्या थोड्या उलट्या चालू असतील तर वेगळाच धोका असतो. थायामिन या जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो: गोंधळल्यासारखं होणं, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायामिन द्यावं लागतं. म्हणून तिथल्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल आणि उलट्या किती दिवसांपासून आहेत याबद्दल घरच्यांनी स्पष्ट सांगायला हवं.

तुमच्या भीतीच्या यादीत स्वादुपिंड पहिलं आहे. स्वादुपिंडाला सूज येणं या औषधांवर क्वचित घडतं, पण घडलं तर गंभीर असतं. नेहमीची मळमळ येते-जाते. ही वेदना पोटाच्या वरच्या भागात येते, तीव्र असते, थांबत नाही, बऱ्याचदा आरपार पाठीत जाते आणि सोबत उलट्या असतात. अशी वेदना आली तर पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही आणि तातडीने तपासणी करायची. निदान पक्कं झालं तर या गटातलं औषध पुन्हा सुरू करत नाहीत. पूर्वी कधी स्वादुपिंडाला सूज आली असेल, ट्रायग्लिसराइड खूप जास्त असतील किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल तर ते आधीच सांगा. काही जण काहीही त्रास नसताना दर महिन्याला रक्तातली लायपेज-अमायलेज ही स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं तपासतात. त्याचा उपयोग होत नाही. या औषधांवर हे आकडे बिनलक्षणांचेही थोडे वाढतात आणि माणूस विनाकारण घाबरतो.

पित्ताचे खडे त्यामानाने जास्त वेळा दिसतात. 'स्टेप १' मध्ये पित्ताशयाचे त्रास औषधाच्या गटात २.६ टक्के आणि दुसऱ्या गटात १.२ टक्के होते. वजन झपाट्याने उतरणं हेच खडे होण्याचं एक कारण आहे, मग ते औषधाने उतरो, शस्त्रक्रियेने उतरो वा कडक उपासाने. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने सतत वजन उतरत असेल तर आनंद मानण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. उजव्या बरगडीखाली दुखणं, विशेषतः जेवणानंतर, ताप, डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद होणं, ही लक्षणं लगेच दाखवायची.

थायरॉइडचं असं आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइडच्या 'सी' नावाच्या पेशींच्या गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापतात. उंदरांच्या त्या पेशी या संप्रेरकाला माणसाच्या पेशींपेक्षा फार जास्त प्रतिसाद देतात. माणसांत असा कॅन्सर या औषधाने होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी ज्यांना स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (याच 'सी' पेशींचा) झाला आहे, किंवा 'मेन २' हा आनुवंशिक विकार आहे, त्यांना हे औषध देत नाहीत. थायरॉइड कमी काम करतं आणि रोज गोळी चालू आहे, एवढ्याने हे औषध वर्ज्य होत नाही. हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. फक्त वजन बरंच उतरलं की त्या गोळीचा डोस पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

डोळ्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात. पहिली मधुमेहाच्या रुग्णांची: पडद्यावर आधीच खराबी असेल आणि साखर झपाट्याने खाली आली, तर ती खराबी तात्पुरती वाढू शकते. २०१६ च्या सेमाग्लुटाइडच्या हृदयविकारविषयक चाचणीत हे ३ टक्के विरुद्ध १.८ टक्के असं दिसलं होतं. उपाय सोपा आहे. औषध सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. तुमचा गेल्या वर्षभरात तपासला नसेल तर डोस वाढवण्याआधी तपासून घ्या. दुसरी गोष्ट फार दुर्मीळ आहे: डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक बंद पडणं. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या सुरक्षा समितीने जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचा हा 'अत्यंत दुर्मीळ' दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं, १० हजारांत फार तर एक. त्यात दुखत नाही. बहुधा सकाळी उठल्यावर एका डोळ्याने अंधुक किंवा अर्धवट दिसतं. तसं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा आणि इंजेक्शन थांबवा.

मनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. आत्महत्येचे विचार वाढतात का, हे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने आणि युरोपियन एजन्सीने तपासलं. २०२४ मध्ये दोघांनाही तसा कार्यकारण संबंध आढळला नाही. पण काही जणांना खाण्यातला रस गेल्याबरोबर एकूणच उदास वाटतं, आणि पूर्वी खाण्याचे मानसिक विकार झालेल्यांना न खाण्याचं आयतं निमित्त मिळतं. घरच्यांना असा बदल दिसला तर तो डॉक्टरांपर्यंत पोहोचवा.

आता ज्या नुकसानीबद्दल कुणी घाबरत नाही, पण ज्याची मला जास्त काळजी वाटते, ते सांगते. उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं. शरीराची मोजणी केलेल्या चाचण्यांत घटलेल्या वजनातला साधारण पाव भाग ते ४० टक्के हिस्सा चरबीखेरीजचा होता. त्यात पाणी आणि इतर ऊतीही येतात, पण स्नायूही येतात. साठीच्या पुढच्या माणसाने वर्षभरात १२ किलो घालवले आणि त्याला खुर्चीतून हात न टेकता उठता येईना, तर ते यश नाही. म्हणून मी काट्यावरचा आकडा एकटा कधी पाहत नाही. पकड, चालण्याचा वेग, जिना चढताना येणारा दम, हेही विचारते. आठवड्यातून किमान दोनदा वजनं उचलण्याचा किंवा शरीराच्या भारावरचा व्यायाम हवा, आणि प्रथिनं रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण १.२ ग्रॅमपर्यंत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. भूक कमी असताना ताटातलं प्रथिन आधी खा, बाकीचं मागून. एवढ्या एका सवयीने बराच फरक पडतो.

केस गळणं बहुतेकदा वजन भराभर उतरल्याचा परिणाम असतो. ते सुरू होतं दोन-चार महिन्यांनी, आणि वजन स्थिरावल्यावर काही महिन्यांत थांबतं. तरी एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड पाहून घ्या.

मूल होण्याचं वय असेल तर एक गोष्ट आवर्जून विचारात घ्यायला हवी, आणि ४६ व्या वर्षीही पाळी चालू असेल तर ती तुम्हालाही लागू होते. वजन उतरलं की बंद पडलेलं बीजनिर्माण पुन्हा सुरू होऊ शकतं. गर्भधारणा ठरवायची असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. तुम्हाला पुढेमागे टिर्झेपेटाइड या अशाच दुसऱ्या साप्ताहिक इंजेक्शनवर नेलं तर गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होतं. म्हणून ते सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधनही वापरायचं असतं.

शस्त्रक्रिया असो वा एंडोस्कोपी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं स्वतः सांगा. नेहमीइतके तास उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनात सगळ्यांना एकच नियम न लावता धोका पाहून ठरवायला सांगितलं आहे, आणि डोस वाढवण्याच्या काळात असलेल्या किंवा मळमळ चालू असलेल्या रुग्णाला आदल्या २४ तासांत फक्त पातळ आहार सुचवला आहे. तुम्ही सध्या याच गटात मोडता. टाळता येणारी शस्त्रक्रिया असेल तर मळमळ शमेपर्यंत पुढे ढकलण्याबद्दल विचारा.

इंजेक्शन कुठून येतं, याबद्दल मी कुणालाही सवलत देत नाही. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल (सेमाग्लुटाइडच्याच एका ब्रँडबद्दल) इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत असा माल सापडला होता. अशा पेनमध्ये काहीच नसू शकतं किंवा इन्सुलिन असू शकतं, आणि इन्सुलिन असेल तर पहिल्याच टोचणीला माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुसरा धोका कुपीतून सिरिंजने औषध ओढण्याचा. एफडीएने जुलै २०२४ मध्ये कळवलं की औषधालयात तयार केलेल्या सेमाग्लुटाइडच्या कुप्यांमधून काही जणांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट औषध टोचून घेतलं. गोंधळ मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांचा होतो. समजा कुपीत एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध आहे. ०.२५ मिलिग्रॅमसाठी इन्सुलिनच्या १०० युनिटच्या सिरिंजवर ५ युनिट ओढायला हवेत. '०.२५ म्हणजे २५' असं समजून २५ युनिट ओढले तर पाचपट औषध गेलं. आणि ते काढून घ्यायचा काही मार्ग नाही. पातळी निम्म्यावर यायला आठवडा लागतो, तोवर उलट्या आणि साखर सांभाळत बसावं लागतं. शक्य असेल तर डोस ठरलेला पेनच वापरा. पेन दुसऱ्या कुणासोबत वाटून घेऊ नका, सुई बदलली तरी संसर्ग जाऊ शकतो. न वापरलेला पेन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवा. एकदा गोठला तर फेकून द्या, वितळल्यावर चांगला दिसला तरी.

आणि या इंजेक्शनसोबत 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी कोणतीही कॅप्सूल घेऊ नका. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये बाजारातून काढलेलं सिबुट्रामीन अशा कॅप्सूलांत अजूनही वारंवार सापडतं.

डोस चुकला तर ठरलेल्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत घेता येतो, त्यानंतर तो सोडून पुढचा वेळेवर घ्यायचा. टिर्झेपेटाइडला ही मुदत चार दिवसांची आहे. दोन डोस एकत्र कधीच नाही. सलग दोन किंवा जास्त आठवडे चुकले तर जुन्या डोसवर परत उडी मारू नका. शरीराची सवय मोडलेली असते आणि तोच डोस आता जड जातो, म्हणून किती खालून सुरू करायचं ते विचारा.

तुमच्यासाठी आत्ता मी असं सुचवेन. ग्लिमेपिराइड आणि लघवीच्या गोळीचा डोस रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यायचा. अंधारी पूर्ण थांबेपर्यंत ०.५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. तपासण्या बिघडलेल्या आल्या किंवा उलट्या चालू असल्या तर एक डोस पुढे ढकलायचीही तयारी ठेवायची. चार आठवडे मळमळीविना आणि पोट नीट साफ होत गेले, तर मग १ मिलिग्रॅमचा विचार. या काळात वजन उतरत राहिलं तर वाढवायचंच कशाला, हेही डॉक्टरांना विचारा.

पुढे कधी औषध बंद करायचं ठरलं तर तेही एकट्याने करू नका. 'स्टेप १' मधल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, आणि त्यासोबत रक्तदाब आणि साखरही वर सरकतात. तुमच्या आत्ता कमी केलेल्या गोळ्या त्या वेळी पुन्हा वाढवाव्या लागतील. त्यामुळे बंद केल्यानंतरचे पहिले तीन महिने साखर आणि रक्तदाब आठवड्यातून दोनदा तरी लिहून ठेवा आणि ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.